अपुरें वाक्य आणि लेण्याद्रीचा शिलालेख

जुन्नरच्या उत्तरेस, कुकडी नदीपलीकडे, लेण्याद्रीचा डोंगर आहे. सुमारें ३०० पायऱ्या चढून भाविक गिरिजात्मजाच्या दर्शनास जातात. तें देवस्थान सातव्या लेण्यांत आहे. त्याच्या शेजारचें सहावें लेणें हें बौद्धांचें चैत्यगृह होय. त्यावर ब्राह्मी लिपींतील एक लहानसा प्राकृत लेख आहे. त्याचा भावार्थ असा: कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा अथवा खजिनदाराचा, पुत्र सुलसदत्त याचें चैत्यगृह, धर्मार्थ दान.

या लेखांत क्रियापद नाहीं. तरी अर्थास कोठेंही उणेपणा येत नाहीं. मराठींतही ‘हें माझें घर’ एवढें म्हटलें कीं वाक्य पुरें होतें. इंग्रजीचा स्वभाव निराळा आहे. ‘द गिफ्ट ऑफ सुलसदत्त’ एवढें लिहून पूर्णविराम दिला, तर तो मथळा होईल, वाक्य होणार नाहीं. वाक्य व्हावयास कर्ता आणि काळ दाखविणारें क्रियापद, दोन्हीं हवींत.

मराठी विद्यार्थ्याच्या हातून इंग्रजींत अपुरीं वाक्यें पडतात, तीं बहुधा अज्ञानामुळें नव्हे, तर मातृभाषेच्या संवयीमुळें. ‘तो आला नाहीं. कारण पाऊस होता.’ अशीं दोन वाक्यें मराठींत खपतात. तोच तुकडा ‘बिकॉज इट वॉज रेनिंग’ असा पूर्णविरामानें तोडला, कीं तो परावलंबी उपवाक्य होऊन लोंबकळत राहतो. नोकरीच्या अर्जांत ‘विथ रेफरन्स टु युवर ॲडव्हर्टाइझमेंट’ लिहून तेथेंच थांबणें, किंवा पत्राच्या शेवटीं ‘होपिंग टु हिअर फ्रॉम यू’ एवढेंच लिहिणें, हे याच जातीचे दोष होत. अर्ज वाचणारा मनुष्य अर्जदारास पाहत नाहीं. पहिल्याच ओळींत त्याचें मत बनतें.

परीक्षा तीन प्रश्नांनीं करावी. काळ दाखविणारें क्रियापद आहे काय? ‘होपिंग’ हें एकटें धातुसाधित असून त्यास काळ नाहीं. कर्ता आहे काय? मराठींत ‘आलों’ या रूपांतच कर्ता कळतो. इंग्रजींत ‘आय’ लिहावाच लागतो. आरंभीं ‘बिकॉज’, ‘ऑल्दो’, ‘व्हेन’ यांसारखें अव्यय आहे काय? असल्यास त्याचें मुख्य वाक्य त्याच पूर्णविरामाच्या आंत असलें पाहिजे.

दुरुस्तीचे मार्गही तीनच. तुकडा शेजारच्या वाक्यास जोडावा: ‘ही डिड नॉट कम बिकॉज इट वॉज रेनिंग’. किंवा उणा असलेला कर्ता वा क्रियापद घालावें: ‘आय होप टु हिअर फ्रॉम यू’. किंवा परावलंबी करणारें अव्ययच गाळावें: ‘इट वॉज रेनिंग’.

परंतु क्रियापद घालतांना सावधगिरी हवी. जेम्स बर्जेस व पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८१ सालीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे लेख भाषांतरासह प्रसिद्ध केले. अशा कामांत भाषांतरकारास प्रत्येक क्रियापदाचा जबाब द्यावा लागतो. ‘हें चैत्यगृह सुलसदत्ताचें दान आहे’ या अर्थीं ‘इज’ घातल्यास लेखाबाहेरचें कांहीं पदरीं पडत नाहीं. ‘सुलसदत्तानें हें कोरलें’ असें लिहिल्यास मात्र छिन्नी दात्याच्या हातीं दिली जाते. कोरणारे कारागीर निराळे असणें अधिक संभवतें, आणि लेख त्यांविषयीं मूक आहे.

तुकडा सर्वत्र निषिद्ध आहे असें नव्हे. मथळा, पाटी, प्रश्नाचें उत्तर आणि शिलालेख यांस तो शोभतो, कारण तेथें उरलेला अर्थ स्थळ व प्रसंग पुरवितात. सुलसदत्ताच्या लेखास क्रियापद लागलें नाहीं, कारण ज्या दानाविषयीं तो बोलतो तें वाचणाऱ्याच्या समोरच उभें आहे. पत्र अथवा निबंध दूरच्या वाचकाकडे एकटाच जातो. त्याच्या पाठीशीं डोंगर नसतो. म्हणून त्याचें प्रत्येक वाक्य स्वतःच्या पायांवर उभें असावें लागतें.