आधी ऊन पाहा, मग रंग निवडा

फुलांचा बहर ओसरतो, पान मात्र बारा महिने समोर असते. बाग वर्षभर देखणी राहावी असे वाटणारा माणूस म्हणूनच क्रोटन, अकॅलिफा, सोनेरी ड्युरांटा अशा रंगीत पानांच्या झुडपांकडे वळतो, आणि ते योग्यच आहे. चूक होते ती निवडताना. नर्सरीत हिरव्या शेडनेटखाली उभे असलेले सर्वांत भडक रोप उचलले जाते आणि घरी आल्यावर त्याच्यासाठी जागा शोधली जाते. हा क्रम उलटा हवा. पानाचा रंग कायमचा नसतो, तो उन्हावर ठरतो. त्यामुळे आधी जागेवरचे वर्षभराचे ऊन पाहावे आणि मगच झुडूप घ्यावे.

याचे कारण पानातच आहे. क्रोटन आणि अकॅलिफाचा लाल-जांभळा रंग अँथोसायनिन या द्रव्यामुळे येतो आणि भरपूर उजेडातच तो नीट खुलतो. सावलीत हीच झुडपे मळकट हिरवी दिसू लागतात. सोनेरी ड्युरांटात हरितद्रव्य कमी असते, म्हणून पान पिवळे दिसते. त्याला सावलीत ठेवले की हरितद्रव्य वाढते आणि सोने हिरवे होते. पांढऱ्या कडांच्या पानांचे गणित वेगळे आहे. पांढऱ्या भागात हरितद्रव्य जवळजवळ नसतेच. तो भाग अन्न तयार करत नाही आणि कडक उन्हात सहज करपतो. अशा झुडपाला सकाळचे कोवळे ऊन पुरते. त्यावर एखादी पूर्ण हिरवी फांदी फुटली तर ती बुडापासून कापावी, कारण तिची वाढ जोमदार असते आणि ती हळूहळू सारे झुडूप व्यापते.

‘आमच्याकडे ऊन भरपूर आहे’ एवढे म्हणणे पुरेसे नसते, कारण ऊन वर्षभर एका जागी राहत नाही. पुणे साधारण 18.5 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, तर डिसेंबरात तो दक्षिणेकडे बराच कलतो. त्यामुळे घराच्या उत्तर भिंतीलगतच्या ज्या वाफ्यात हिवाळाभर थेट ऊन येत नाही, तिथेच मे महिन्यात पाने भाजतात. हिवाळ्यातली सावली पाहून तिथे पांढऱ्या कडांचे झुडूप लावले तर उन्हाळ्यात ते करपेल, आणि उन्हाळ्यातले ऊन पाहून क्रोटन लावला तर थंडीत त्याचा रंग उतरेल.

यावर एक सार्थ आक्षेप असा की ही झुडपे बहुधा परदेशी आहेत आणि आपल्या फुलपाखरांना त्यांचा फारसा उपयोग नाही. हे मान्य करायलाच हवे. म्हणूनच सारी बाग रंगीत पानांनी भरू नये. चार-पाच हिरव्या झुडपांमागे एक रंगीत झुडूप पुरते, आणि हिरव्याच्या पार्श्वभूमीवर त्याचा रंग अधिक उठूनही दिसतो. त्या हिरव्यात कढीपत्ता असावा, कारण ‘कॉमन मॉरमॉन’ फुलपाखराच्या अळ्या त्यावर वाढतात. सह्याद्रीतला भूतकेसही असावा. त्याचे पांढरे ‘पान’ म्हणजे खरे तर फुलाचे मोठे झालेले निदल. लहान मुले असतील तर आणखी एक काळजी घ्यावी: क्रोटनचा चीक त्वचेला त्रासदायक असतो आणि ड्युरांटाची पिवळी फळे विषारी असतात.

लागवडीआधी वर्षभर उन्हाची नोंद ठेवणे कुणाला जमणार, असेही कोणी विचारील. त्याला सोपा उपाय आहे. रोप जमिनीत लावण्याऐवजी पहिले वर्ष कुंडीतच ठेवून ती कुंडी ठरलेल्या जागी ठेवा. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा जाऊ द्या. तिन्ही ऋतूंत रंग टिकला तर खड्डा खणा, नाहीतर कुंडी हलवा.