उठावदार प्रतिमा आणि अचूक निदान: गैरसमज आणि वस्तुस्थिती

चेन्नईजवळील ओरगडमच्या औद्योगिक पट्ट्यात केंद्र सरकारच्या योजनेखाली सुमारे ३५० एकरांचे वैद्यकीय उपकरण उद्यान मंजूर झाल्यामुळे, अशा यंत्रांची निर्मितीच नव्हे तर त्यांची पारखही देशात काटेकोरपणे होणे अगत्याचे झाले आहे. या पारखीच्या आड येणारा सर्वांत रूढ गैरसमज असा, की प्रतिमा जितकी उठावदार, तितके निदान अचूक. वस्तुतः प्रतिमासंस्करण, म्हणजे यंत्राने टिपलेल्या चित्रावर संगणकाने केलेली प्रक्रिया, मूळ नोंदीत नसलेली माहिती निर्माण करू शकत नाही. असलेली माहिती ते डोळ्यांना सुलभ करते किंवा झाकून टाकते. कणीदारपणा घालवण्यासाठी चित्र मऊ केले, तर मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या क्ष-किरण तपासणीत, कर्करोगाची पहिली खूण ठरू शकणारे कॅल्शियमचे सूक्ष्म कण पुसट होतात. उलट कडा फार ठळक केल्या, तर कृत्रिम सांध्याच्या धातूभोवती काळी किनार उमटून तो सैल झाल्याचा भास होतो.

मूळ आणि संस्कारित चित्रांतील गणिती फरक मोजला की गुणवत्ता कळते, हा समजही अपुरा आहे, कारण असा एखादा कण नाहीसा झाला तरी तो आकडा जवळपास तसाच राहतो. खरी कसोटी निदानाचीच: अनेक तज्ज्ञांनी चित्रे वाचावीत, त्यांचे निष्कर्ष बायोप्सीशी, म्हणजे ऊतीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीशी, किंवा पुढील पाठपुराव्याशी ताडावेत, आणि त्यातून संवेदनशीलता, म्हणजे आजारी व्यक्तींपैकी ओळखल्या गेलेल्यांचे प्रमाण, तसेच विशिष्टता, म्हणजे निरोगी व्यक्तींपैकी निरोगी ठरलेल्यांचे प्रमाण, दोन्ही काढावीत.

चित्रातील संशयास्पद जागा दाखवणारा संगणक अधिक ठिकाणी खुणा करतो म्हणून तो अधिक चांगला, हा तिसरा आणि अधिक घातक गैरसमज होय. २००७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २ लाख २२ हजारांहून अधिक अमेरिकी स्त्रियांच्या मॅमोग्राफीवरील अभ्यासात, संगणकीय साहाय्य सुरू करणाऱ्या केंद्रांची विशिष्टता ९०.२ वरून ८७.२ टक्क्यांवर उतरली आणि बायोप्सी सुमारे २० टक्क्यांनी वाढल्या. संवेदनशीलतेत मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या निर्णायक वाढ आढळली नाही. त्या प्रत्येक अनावश्यक बायोप्सीमागे एका स्त्रीची भीती आणि वेदना होती.

हाच प्रश्न क्षयरोगाच्या तपासणीतही येतो. छातीच्या क्ष-किरण चित्रांतून क्षयरोग हुडकणाऱ्या संगणकप्रणालींना जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये, १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या चाळणीसाठी, मान्यता दिली. समजा, १,००० जणांत १० क्षयरुग्ण असून प्रणालीची संवेदनशीलता ९० व विशिष्टता ७० टक्के आहे. तर ९ रुग्ण सापडतील, परंतु २९७ निरोगी माणसेही संशयित ठरतील आणि त्या सर्वांची थुंकी तपासावी लागेल. जुन्या क्षयाचे व्रण असलेल्यांत व वृद्धांत अशा प्रणालींची अचूकता घटते, म्हणून संशयाचा उंबरठा, म्हणजे ज्या पातळीपुढे चित्र संशयित धरायचे ती मर्यादा, प्रत्येक प्रदेशाने स्थानिक रुग्णांच्या चित्रांवर पडताळूनच ठरवावा लागतो.