पाटी बोलते, पण अर्धंच

१९६५ची फोर्ड मस्टँग दिसली तर ड्रायव्हरकडचं दार उघडून त्याची कड बघा. तिथे रिव्हेटने बसवलेली पत्र्याची छोटी पाटी असते आणि तिच्यावर नुसते आकडे नि अक्षरं. साठ वर्षांपूर्वी ही गाडी कारखान्यातून कोणत्या रूपात बाहेर पडली, ते त्यात लिहिलेलं आहे!

समजा, नंबर ‘५आर०८ए’ने सुरू होतो. ५ म्हणजे १९६५चं मॉडेल, आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०८ म्हणजे कन्व्हर्टिबल. ए म्हणजे २८९ घनइंची, २२५ अश्वशक्तीचं व्ही-एट इंजिन. एच्या जागी के निघाला तर पेढेच वाटा : इंजिन तेवढंच, पण ताकद २७१ अश्वशक्ती. वरच्या ओळीत ‘एम’ दिसला तर मूळ रंग विम्बल्डन व्हाइट, ‘२६’ म्हणजे आत काळं व्हिनाइल आणि ‘१६सी’ म्हणजे बांधणीची ठरलेली तारीख १६ मार्च.

मस्टँगचा अगदी पहिला क्रमांक, ५एफ०८एफ१००००१, अशाच पांढऱ्या कन्व्हर्टिबलचा. १९६४च्या एप्रिलमध्ये ती न्यूफाउंडलंडच्या स्टॅन्ली टकर या वैमानिकाने विकत घेतली. ती परत मिळवायला फोर्डला त्याला दहा लाखावी मस्टँग द्यावी लागली!

एवढं सांगणारी पाटी हौसेमौजेच्या बाबतीत मात्र मिठाची गुळणी धरून बसते. एसी होता का? रेडिओ? पॉवर स्टीअरिंग? बटणावर उघडणारं छत? चकार शब्द नाही. १९६७पासूनच्या गाड्यांच्या फोर्डच्या नोंदी टिकल्या. त्या नोंदी बाळगणाऱ्या मार्टी ऑटो वर्क्स या कंपनीला नंबर कळवला की ऑप्शनची यादी छापून मिळते. १९६५-६६च्या मालकांना ही सोय नाही. त्यांनी गाडीच उसवायची. नशीब असेल तर सीटच्या स्प्रिंगांत किंवा कार्पेटखाली ‘बिल्ड शीट’ सापडतं. या गाडीला काय काय बसवायचं, ते कामगारांना सांगणारा हा कागद. काम झाल्यावर गाडीतच राहून गेलेला.

साध्या मस्टँगचं छत कापून केलेली ‘कन्व्हर्टिबल’ही पकडता येते. छपराविना गाडी मधेच वाकू नये म्हणून खऱ्या कन्व्हर्टिबलला दारांखाली आतून जाड पत्र्याचा जादा आधार दिलेला असतो. खाली वाकून तो तपासा.

आणि पाटीवर भाळू नका. हुबेहूब नवी पाटी आज बनवून मिळते. बॉनेट उघडा, ड्रायव्हरकडच्या फेंडरच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला नंबर वाचा आणि दोन्ही जुळले तरच पैशांची बोलणी सुरू करा.