जुन्या सौर पॅनेलांची मोडणी

छपरावरचे सौर पॅनेल पंचवीस-तीस वर्षांची चाकरी बजावून निकामी झाले म्हणजे, त्याच्या वजनाचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग निव्वळ काच असूनही, ती काच सुटी करणे दुर्घट होऊन बसते. कारण काच, सिलिकॉनच्या कागदासारख्या पातळ चकत्या आणि पाठीमागचा प्लास्टिकचा पडदा हे थर, पावसाचा थेंबही आत शिरू नये म्हणून, ईव्हीए नामक पारदर्शक द्रव्याने, निर्वात यंत्रात सुमारे १५० अंश सेल्सियस उष्णतेवर एकजीव केलेले असतात. ॲल्युमिनियमची चौकट सहज निघते. परंतु चकत्यांवरील केसासारख्या रेघांतली चांदी, सारे पॅनेल सरसकट भरडले, की बहुधा चुऱ्यातच गडप होते. फ्रान्समध्ये रूसे येथे २०१८ साली केवळ जुन्या पॅनेलांच्या मोडणीसाठी कारखाना सुरू झाला. आपल्याकडे २०२२ च्या ई-कचरा नियमावलीने, १ एप्रिल २०२३ पासून, हा कचरा २०३४-३५ पर्यंत साठवून ठेवण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. माझ्या मते मूळ दोष आराखड्यातलाच असल्यामुळे, थर पुन्हा विलग करता येतील अशी घडण कारखान्यातच सिद्ध झाली पाहिजे. तूर्त वाचकांना कळकळीची विनंती एवढीच, की निकामी पॅनेल भंगारवाल्याच्या हवाली न करता उत्पादकाकडे रीतसर परत करावे.