पाव मुठीचं दुखणं

मेन जेट आणि प्लग चॉप हे विषय या आठवड्यासाठी कबूल केले होते, पण ते पुढे ढकलतोय. कारण सांगलीहून आलेलं एक पत्र. पत्रलेखकांची जुनी बुलेट ३५० आहे. हाय कॉम्प्रेशन पिस्टन घातलाय, पोर्ट घासून मोठे केलेत आणि २४ मिलिमीटरचा मूळचा मिककार्ब कार्ब्युरेटर काढून जुन्या बाजारातून आणलेला २८चा चढवलाय. पाव मूठ पिळली की गाडी गुरगुरते, ठोके चुकतात, धूर काळा. गॅरेजमध्ये सांगितलं, पेट्रोल जास्त होतंय. म्हणून मेन जेट ११०चा १०० केला. थोडा फरक पडला. तेवढ्यावर हुरूप येऊन ९५, मग ९०. आता पाव मुठीतली गुरगुर जवळपास तशीच आहे आणि कराडच्या पुढे हायवेवर पूर्ण मूठ पिळली की इंजिनातून टकटक येते.

पेट्रोल जास्त होतंय हे खरंच आहे. फक्त ते मेन जेटमुळे होत नाहीये.

मिककार्बसारख्या मिकुनी व्हीएम जातीच्या कार्बमध्ये मुख्य वाटेनं वर चढणाऱ्या पेट्रोलला दोन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिला मेन जेट. दुसरा त्याच्या डोक्यावरचा नीडल जेट, ज्याच्या भोकात स्लाइडला लटकलेली नीडल खाली-वर होते. यातला जो दरवाजा अरुंद, त्याचा हुकूम चालतो. पूर्ण मुठीत नीडलचं निमुळतं टोकच भोकात उरतं, वरची वाट ऐसपैस होते आणि सत्ता मेन जेटकडे जाते. पाव मुठीला मात्र नीडलचा जाड, सरळ भाग भोकात असतो. पेट्रोलला मिळते ती दोघांमधली कडेची बारीक फट.

या फटीचा हिशेब मला फार आवडतो. समजा, नीडल जेटचं भोक २.६५ मिलिमीटरचं आणि नीडलचा सरळ भाग २.५० चा. फटीचं क्षेत्रफळ भरतं सुमारे ०.६१ चौरस मिलिमीटर. आता नीडल थरथरून थरथरून ते पितळी भोक फक्त दोन शतांश मिलिमीटर झिजलं, २.६७ झालं. क्षेत्रफळ ०.६९. म्हणजे डोळ्याला न दिसणाऱ्या झिजेनं वाट जवळजवळ १४ टक्क्यांनी रुंद! मिकुनीवाले नीडल जेटवर पी-४, ओ-८ अशी खूण मारतात. अक्षराची एक पायरी ०.०५ मिलिमीटरची, आकड्याची ०.००५ची. वरच्या उदाहरणातला जेट पी-०, आणि झिजून तो पी-४ झाला. आणि ही झीज एकसारखी नसते. बुलेटसारख्या मोठ्या सिंगल सिलिंडरच्या हादऱ्यांनी भोक अंडाकृती होतं. जेट उजेडासमोर धरून भिंगातून पाहिलं की जाणत्याला ते कळतं.

मग १०० नंबर घातल्यावर थोडा फरक का पडला? दरवाजे एकापाठोपाठ आहेत म्हणून. मेन जेट खूपच आवळला की त्याची किंचित धग पाव मुठीपर्यंत पोचते. हा किंचित फरकच घात करतो, कारण माणसाला वाटतं दिशा बरोबर आहे, आणखी एक नंबर कमी करू. पाव मुठीला पाच टक्के सुधारणा मिळवताना पूर्ण मुठीत पेट्रोल किती कमी पडलं, हे टकटक सुरू होईपर्यंत कळत नाही. ट्यून केलेल्या, कॉम्प्रेशन वाढवलेल्या इंजिनात ती टकटक पिस्टनच्या माथ्याला भोक पाडू शकते.

त्यात आता पंपावर ई-२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. निव्वळ पेट्रोलला एका भागामागे हवेचे १४.७ भाग लागतात. ई-२०ला साधारण १३.५. म्हणजे त्याच जेटवर मिश्रण आपोआप पातळ. गंमत अशी की झिजलेला नीडल जेट पाव मुठीत ही कमतरता झाकून टाकतो, पूर्ण मुठीत नाही. तिथे मेन जेट एकटा पडतो.

सांगलीकरांनी आधी ११० परत घालावा, तोही कमी वाटला तर वरचा. नीडल आणि नीडल जेट नवे घ्यावेत, जोडीनंच. नव्या नीडलला जुना जेट म्हणजे पैसे पाण्यात. क्लिप मधल्या खाचेत. क्लिप वरच्या खाचेत सरकवली की नीडल खाली जाते आणि पेट्रोल कमी होतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण पाव मुठीला सरळ भागच भोकात असल्यानं तिथे क्लिपचा फारसा उपयोग नाही. ती अर्ध्या मुठीसाठी. नव्या जोडीनंतरही पाव मुठीला गुरगुर उरली तर स्लाइडचा कटअवे, म्हणजे तिच्या खालच्या कडेचा तिरका काप, पाहायचा. मिकुनीत त्याचा नंबर मिलिमीटरमध्येच असतो, २.५ म्हणजे अडीच मिलिमीटर. नंबर मोठा, तर मिश्रण पातळ. आणि मुठीच्या रबरावर व कडेच्या न फिरणाऱ्या भागावर टेपच्या खुणा करा: बंद, पाव, अर्धी, पाऊण, पूर्ण. खूण नसेल तर आपण ज्याला पाव मूठ म्हणतो ती हमखास अर्धी निघते.

त्यांचा दुसरा प्रश्न: २८ काढून ३२ चढवू का? बीएसएच्या डीबीडी३४ गोल्ड स्टारला ५०० सीसीवर दीड इंची, म्हणजे ३८ मिलिमीटरचा अमल जीपी होता. तो निवांत आयडलिंगसाठी बनलेलाच नव्हता. तिचा क्लोज रेशो गिअरबॉक्स असा, की पहिल्या गिअरमध्ये ताशी ६० मैलांच्या आसपास जाता येई आणि सुटताना क्लच सरकवत बसावं लागे. क्लबमन्स टीटीच्या शर्यतीत पाव मूठ कुणाला लागते? सांगलीच्या बाजारपेठेत तीच लागते. भोक मोठं, तर हवा मंद आणि पेट्रोल ओढायला जोर कमी. पाव मुठीचं दुखणं वाढणारच. ३५० सीसीच्या रोजच्या गाडीला २८ पुष्कळ. ३२ घेतलाच, तर नीडल, नीडल जेट, स्लाइड हा सगळा सरंजाम त्याच्यासाठी नव्यानं जमवावा लागेल, आणि नुसत्या स्लाइडची किंमत विचारून पाहा.