अजगराची उबवणी

आळशी माणसाला अजगराची उपमा देण्याची आपल्याकडे रीत आहे. परंतु अंड्यांवर बसलेली अजगराची मादी ज्यांनीं पाहिली आहे, त्यांना ही उपमा तितकीशी न्याय्य वाटणार नाहीं. बहुतेक साप अंडीं घालून निघून जातात. पुढें ऊन आणि माती करतील तें खरें. अजगराची मादी मात्र अंड्यांचा ढीग जमवून त्याभोंवतीं आपल्या शरीराचीं वेटोळीं घालते, वर डोकें टेकते आणि जवळजवळ दोन महिने तेथून सहसा हलत नाहीं.

ती नुसती राखण करते, कीं कोंबडीप्रमाणें खरोखरच ऊब देते? एकोणिसाव्या शतकांत या प्रश्नावरून पॅरिसच्या विद्वानांत वाद माजला होता. लामार-पिको नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें, हिंदुस्थानांतील अजगराची मादी स्वतःच्या उबेनें अंडीं उबवते, असें तेथील विज्ञान-परिषदेस कळविलें. साप हा थंड रक्ताचा प्राणी. ज्याला स्वतःलाच ऊब बाहेरून घ्यावी लागते, तो ती दुसऱ्यास कोठून देणार? असें म्हणून पंडितांनीं तें विधान संशयास्पद ठरविलें. युक्तिवाद निर्दोष होता. तो अजगराला ठाऊक नव्हता, इतकेंच.

पुढें १८४१ च्या मे महिन्यांत पॅरिसच्याच प्राणिसंग्रहांत एका मादीनें १५ अंडीं घातलीं. वालांसिएन या प्राणिशास्त्रज्ञानें तिच्या वेटोळ्यांत उष्णतामापक ठेवून पाहिला, तों तेथील उष्णता भोंवतालच्या हवेहून कित्येक अंशांनीं अधिक भरली. त्या काळांत मादी पाणी प्याली, पण अन्नास तिनें तोंड लावलें नाहीं. ५६ दिवसांनीं ८ अंड्यांतून पिलें बाहेर आलीं, आणि प्रवाशाचें म्हणणें खरें ठरलें.

ही ऊब येते कोठून, याचा उलगडा १९६६ सालीं प्रसिद्ध झालेल्या न्यूयॉर्कच्या प्राणिसंग्रहांतील निरीक्षणांनीं केला. हवा गार होऊं लागली कीं मादीचे स्नायू वरचेवर आंखडत व सैल होत. थंडींत माणसाला हुडहुडी भरते, त्यांतलाच हा प्रकार. या श्रमानें तिचें शरीर हवेपेक्षां सुमारें ५ अंश सेंटिग्रेडनें अधिक ऊन राही.

दोन महिन्यांच्या उपासानें मादी खंगते, म्हणून पाळलेल्या अजगरांचीं अंडीं पुष्कळदां काढून पेटींत उबवितात. येथें कोंबड्यांचा अनुभव असलेला मनुष्य हमखास फसतो. कोंबडीचीं अंडीं रोज फिरवावीं लागतात. अजगराचीं मुळींच फिरवूं नयेत. आंतील गर्भ एका बाजूस चिकटून वाढत असतो. अंडें उलटलें तर तो दगावण्याची भीति. म्हणून अंड्याच्या माथ्यावर आधींच पेन्सिलीनें खूण करून ठेवतात. एकमेकांस चिकटलेलीं अंडींही ओढून सुटीं करीत नाहींत.

पेटींतील उष्णता ३१ ते ३२ अंशांवर राखावी लागते. ती फार उतरली तर पिलांचा कणा वांकडा होतो किंवा तीं मरतात. फार चढली तरीही मरतात. कवच चामड्यासारखें मऊ असल्यानें हवा कोरडी पडली कीं अंड्यांना खळगे पडतात. यासाठीं तीं व्हर्मिक्युलाइट या हलक्या, ओलसर खनिजावर ठेवतात. मात्र अंड्यांवर पाणी पडूं देत नाहींत.

दिवस भरले कीं पिलूं नाकाजवळच्या इवल्याशा दांतानें कवच चिरतें आणि डोकें बाहेर काढून तेथेंच थांबतें, कधीं दिवसभर, कधीं दोन दिवस. पाळणाराची खरी परीक्षा याच वेळीं होते. आंत उरलेला बलक तें पोटांत ओढून घेत असतें, आणि घाईनें बाहेर काढलें तर इजा होते. यानंतर पहिली कात टाकीपर्यंत तें सहसा कांहीं खात नाहीं.

भारतांत मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें अजगर व त्याचीं अंडीं यांस संरक्षण आहे. शेतांत अंडीं दिसलीं, तर मादीला न हुसकतां वनखात्यास कळवावें. पेटी कितीही चांगली असली तरी तिला हुडहुडी भरत नाहीं. वीज गेली कीं ती गार पडते.