विंधन विहिरीतील जलपातळीचे बिनतारी वाचन : कन्व्हर्टरची जुळणी व पडताळणी (येडशी परिसराच्या संदर्भात)

सारांश

औद्योगिक बनावटीच्या जलपातळी संवेदकाची नोंद बिनतारी कन्व्हर्टरच्या साहाय्याने दूरवर पाठविणे आज सुलभ झाले आहे. मात्र कन्व्हर्टरमधील एखादी सेटिंग चुकली तरी यंत्रणा बंद पडत नाही. ती चुकीचा आकडा वेळेवर आणि नीटनेटका पाठवीत राहते. दुष्काळप्रवण प्रदेशात अशा आकड्यावर पाण्याचे नियोजन अवलंबून असेल तर ही बाब केवळ तांत्रिक राहत नाही. प्रस्तुत लेखात येडशी (जि. धाराशिव) परिसराच्या संदर्भात कन्व्हर्टरच्या जुळणीचे टप्पे, त्यांत संभवणाऱ्या चुका आणि पडताळणीची पद्धत यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : भूजल, संवेदक, मॉडबस, कन्व्हर्टर, बिनतारी संप्रेषण, पडताळणी.

१. प्रस्तावना

येडशी हे बालाघाट डोंगररांगेतील गाव. रामलिंगाचे देवस्थान, लगतचे येडशी रामलिंग घाट अभयारण्य आणि मिरज–लातूर लोहमार्गावरील स्थानक यांमुळे ते परिचित आहे. एप्रिल २०१६ मध्ये याच लोहमार्गाने मिरजेहून लातूरला पिण्याचे पाणी नेण्यात आले. पहिल्या गाडीत दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. रेल्वेने पाणी नेण्याची वेळ येते, तेव्हा जमिनीखाली किती पाणी उरले आहे हा प्रश्न अभ्यासापुरता राहत नाही. टँकर केव्हा सुरू करावयाचा, कोणती विंधन विहीर पिण्यासाठी राखून ठेवावयाची, उपसा कोठे थांबवावयाचा हे निर्णय त्या उत्तरावर अवलंबून असतात.

हा प्रदेश दख्खनच्या बेसॉल्ट खडकाचा आहे. अखंड कातळात पाणी साठत नाही. ते भेगांत, सांध्यांत आणि झिजलेल्या थरांत असते. त्यामुळे जवळजवळच्या दोन बोअरच्या पातळ्यांतही मोठी तफावत आढळते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी परंपरेने वर्षातून चार वेळा, म्हणजे जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर या महिन्यांत मोजत आली आहे. दीर्घकालीन कल समजण्यासाठी या नोंदी मोलाच्या आहेत. परंतु मार्च आणि मे यांच्या दरम्यान पातळी नेमकी कोणत्या आठवड्यात ढासळली, हे त्यांतून कळत नाही. २५ डिसेंबर २०१९ रोजी प्रारंभ झालेल्या अटल भूजल योजनेत महाराष्ट्रातील १३ जिल्ह्यांमध्ये तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, जिल्ह्याचा समावेश होता. स्वयंचलित पातळीमापकांचा वापर हा त्या योजनेचा एक भाग होता. या पार्श्वभूमीवर अशा यंत्रणेची अंतर्गत जुळणी समजून घेणे विज्ञान शाखेइतकेच भूगोल आणि अर्थशास्त्राच्या अध्यापकांनाही उपयुक्त ठरेल.

२. यंत्रणेची रचना

यंत्रणेचे तीन घटक असतात. पहिला घटक पाण्यात सोडलेला दाबमापक संवेदक. त्याच्यावर जितका जलस्तंभ असेल तितका दाब त्याला जाणवतो. एक बार दाब म्हणजे सुमारे १०.२ मीटर पाणी. दुसरा घटक कन्व्हर्टर. तो संवेदकाचा विद्युतसंकेत वाचतो, त्याचे अंकांत रूपांतर करतो आणि रेडिओलहरींद्वारे किंवा मोबाइल जाळ्याद्वारे पाठवितो. तिसरा घटक म्हणजे ही नोंद स्वीकारून साठविणारा संगणक.

संवेदकाचा संकेत दोन प्रकारांनी मिळू शकतो. पहिल्या प्रकारात ४ ते २० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह वापरला जातो. शून्य दाबासाठी शून्याऐवजी ४ मिलिअँपिअर ठेवण्यामागे सुज्ञ विचार आहे. तार तुटली तर प्रवाह शून्यावर येतो, त्यामुळे ‘पाणी नाही’ आणि ‘तार नाही’ या दोन अवस्था वेगळ्या ओळखता येतात. दुसऱ्या प्रकारात संवेदक स्वतःच अंक तयार करतो आणि ते आरएस-४८५ या दुतारी जोडणीवरून मॉडबस भाषेत देतो. मॉडबस ही १९७९ मध्ये मॉडिकॉन कंपनीने कारखान्यांतील नियंत्रकांसाठी तयार केलेली संदेशपद्धती असून साधेपणामुळे ती आजही रूढ आहे.

३. कन्व्हर्टरची जुळणी

३.१ संवेदकाशी संवाद : मॉडबसमध्ये विचारल्याशिवाय कोणी बोलत नाही. कन्व्हर्टर प्रश्न विचारतो आणि ज्याचा क्रमांक पुकारला तोच संवेदक उत्तर देतो. यासाठी संवेदकाचा क्रमांक, संदेशाचा वेग, समता-तपासणीचा प्रकार व थांबा-बिटांची संख्या दोन्हीकडे तंतोतंत सारखी असावी लागते. उदाहरणार्थ, ‘१, ३, ०, ०, ०, २, १९६, ११’ या आठ अंकांचा प्रश्न पाहता येईल. पहिला अंक संवेदकाचा क्रमांक, दुसरा वाचनाची आज्ञा, पुढचे दोन आरंभीच्या रजिस्टरचा पत्ता आणि त्यापुढचे दोन रजिस्टरांची संख्या दर्शवितात. शेवटचे दोन अंक तपासणीचे असतात. वाटेत एखादा अंक बिघडला तर हा तपासणी-अंक जुळत नाही आणि उत्तर नाकारले जाते.

या टप्प्यावरील चुका सहसा लपत नाहीत, कारण उत्तरच येत नाही. अपवाद पत्त्याचा. माहितीपुस्तिकेत ४०००१ असे छापलेले रजिस्टर प्रत्यक्ष संदेशात ० या पत्त्याने मागावे लागते. एका अंकाची ही गफलत झाली तर शेजारच्या रजिस्टरातील भलताच आकडा मिळतो, आणि तपासणी-अंक मात्र बिनचूक जुळतो.

३.२ अंकांचा अर्थ : अधिक धोक्याचा टप्पा हाच आहे. दशांशयुक्त संख्या सामान्यतः दोन रजिस्टरांत विभागून ठेवलेली असते. २५.० ही संख्या १६८४० आणि ० अशा जोडीने येते. कन्व्हर्टरने ही जोडी उलट क्रमाने वाचली तर संख्या जवळजवळ शून्य होते. बोअरमध्ये २५ मीटर जलस्तंभ असताना संगणकावर तो कोरडा दिसतो.

प्रवाह-संकेताच्या प्रकारात मोजपट्टी हा कळीचा मुद्दा असतो. समजा, संवेदकाची क्षमता ० ते ५० मीटर आहे, तो केसिंगच्या तोंडापासून ६० मीटर खोल सोडला आहे आणि केसिंगचे तोंड जमिनीपासून ०.५ मीटर वर आहे. प्रवाह १२ मिलिअँपिअर आला. त्यातून ४ वजा करून १६ ने भागले व ५० ने गुणले की जलस्तंभ २५ मीटर येतो. ६० मधून २५ आणि ०.५ वजा केल्यावर जमिनीपासून पाण्याची खोली ३४.५ मीटर ठरते. आता कन्व्हर्टरमध्ये ५० ऐवजी १०० मीटर अशी मोजपट्टी भरली गेली, तर त्याच प्रवाहावरून जलस्तंभ ५० मीटर आणि खोली अवघी ९.५ मीटर दाखविली जाईल. ‘पाणी साडेनऊ मीटरवर आहे’ असा अहवाल मिळालेल्या गावाच्या टँकरच्या मागणीकडे कोणत्या नजरेने पाहिले जाईल, हे सांगण्याची गरज नाही.

संवेदकाचा प्रकारही येथेच नोंदवावा लागतो. काही संवेदक केबलमधील बारीक नळीने बाहेरच्या हवेशी जोडलेले असतात व फक्त पाण्याचा दाब देतात. काही संवेदक हवेचा दाबही त्यात मिळवून देतात. समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०.३ मीटर जलस्तंभाइतका असतो, पठारावर तो काहीसा कमी भरतो. तो वजा करावयाचा राहिला तर बोअरमध्ये नऊ-दहा मीटर नसलेले पाणी दिसू लागते.

३.३ बिनतारी भाग : भारतात ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा २००५ पासून ठरावीक शक्तिमर्यादेत परवान्याविना वापरता येतो. कमी विजेत दूरवर पोहोचणारी लोरा पद्धत याच पट्ट्यात चालते. तीत प्रसारगुणक ७ ते १२ यांपैकी निवडावा लागतो. गुणक वाढविला की पल्ला वाढतो, पण वेग घटतो. १२ गुणकावर तो ७ गुणकाच्या तुलनेत अठरा-एकोणीस पट मंद होतो आणि तितकी वीज अधिक लागते.

बालाघाटाच्या चढउतारांत केवळ दृष्टिरेषा मोकळी असणे पुरेसे नाही. या लहरींची लांबी सुमारे ३५ सेंटिमीटर असते. दोन किलोमीटर अंतरासाठी मधोमध सुमारे १३ मीटर त्रिज्येचा पट्टा लहरींच्या वाटचालीसाठी महत्त्वाचा असतो. त्यातील साठ टक्के, म्हणजे सुमारे आठ मीटर, तरी निर्वेध असावा लागतो. म्हणून अँटेनाची उंची घरातील नकाशावर न ठरविता जागेवर चाचणी घेऊन ठरवावी. ही चाचणी झाडे पर्णभाराने भरलेली असताना पुन्हा घेणे हिताचे.

३.४ वेळ आणि वीज : भूजलाची पातळी सेकंदागणिक बदलत नाही. तासाला एक नोंद पुरते. सरासरी १२ मिलिअँपिअर घेणारा संवेदक अखंड चालू ठेवला तर दिवसाला २८८ मिलिअँपिअर-तास खर्च होतात. दर तासाला दहा सेकंदच चालू केला तर हा खर्च ०.८ वर येतो. मात्र संवेदक स्थिर होण्यास लागणारा वेळ या दहा सेकंदांत बसतो की नाही, हे तपासले पाहिजे.

पंप चालू असताना बोअरची पातळी खाली ओढली जाते आणि तो बंद झाल्यावर हळूहळू सावरते. त्यामुळे पंपाची स्थितीही नोंदीसोबत पाठवावी. घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर राहिले तर सकाळी सहाची नोंद रात्री साडेबाराची म्हणून साठते आणि उपशाच्या वेळांशी तिचा मेळ बसत नाही.

४. मौनाचा प्रश्न

संवेदकाकडून उत्तर न आल्यास काय करावयाचे, हीदेखील एक सेटिंगच असते. पुष्कळ कन्व्हर्टरमध्ये ‘शेवटची नोंद कायम ठेवा’ असा पर्याय असतो. कारखान्यात क्षणभराचा खंड झाकण्यासाठी तो सोयीचा असेल, पण भूजलाच्या बाबतीत तो घातक आहे. एप्रिल-मे महिन्यांत वळिवाच्या विजेने संवेदक निकामी झाला तरी आलेखावर मार्चमधील पातळी सरळ रेषेत दिसत राहील. अशा वेळी आकडा न पाठविता ‘वाचन नाही’ असा स्पष्ट संकेत पाठविणे योग्य.

याच्याच जोडीचा दुसरा प्रसंग म्हणजे पाणी संवेदकाच्याही खाली जाणे. तेव्हा प्रवाह ४ मिलिअँपिअरवर स्थिरावतो आणि वरील उदाहरणात खोली ५९.५ मीटर दिसते. तिचा खरा अर्थ ‘५९.५ मीटर किंवा त्याहून अधिक’ असा आहे. पातळी स्थिरावली असा निष्कर्ष त्यातून काढणे म्हणजे टंचाईच्या ऐन काळात दिलासा देणारी चूक करणे होय.

५. पडताळणीची पद्धत

तपासणी-अंक संदेशाची शुद्धता सांगतो, अर्थाची नव्हे. अर्थाची शुद्धता विहिरीच्या तोंडाशीच तपासावी लागते. त्यासाठी पुढील क्रम उपयुक्त आहे.

(१) पंप बंद करून पातळी सावरू द्यावी. नंतर जलस्पर्शाने आवाज देणाऱ्या मोजटेपने खोली मोजावी आणि त्याच वेळी संगणकावर आलेल्या नोंदीशी ती ताडून पाहावी.

(२) पातळी स्थिर असताना संवेदक बरोबर ५ मीटर वर उचलावा. जलस्तंभाची नोंद ५ मीटरनेच कमी झाली पाहिजे. ती १० मीटरने कमी झाली तर मोजपट्टी दुप्पट भरलेली आहे. फरक ५ मीटरचाच आला पण मूळ खोली जुळत नसेल, तर दोष केबलची लांबी, केसिंगची उंची किंवा हवेचा दाब यांत आहे.

(३) संवेदकाची तार मुद्दाम सोडवून ‘वाचन नाही’ हा संकेत येतो का, ते पाहावे.

(४) सर्व सेटिंग, संवेदकाची खोली, केसिंगची उंची, तारीख आणि तपासणाऱ्याची सही एका नोंदवहीत घ्यावी. सेटिंग बदलल्यास जुनी नोंद खोडू नये, नवी नोंद खाली लिहावी.

(५) उन्हाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर मोजटेपने पुन्हा मोजणी करावी.

यासोबत कन्व्हर्टरचा मूळ संकेतशब्द बदलणे आणि दुरून फक्त वाचनाच्या आज्ञांना परवानगी देणे आवश्यक आहे. मॉडबसमध्ये प्रश्न कोण विचारतो याची खातरजमा करण्याची सोय मुळात नव्हती. कारखान्याच्या भिंतीआड ते चालून गेले. बिनतारी वापरात ती भिंत उरत नाही.

६. निष्कर्ष

बिनतारी कन्व्हर्टर हा नुसता निरोप्या नाही. मोजपट्टी, रजिस्टरांचा क्रम, केसिंगची उंची, घड्याळ आणि मौनाची सेटिंग यांतून आकड्याचा अर्थ तोच ठरवितो. म्हणून त्याची जुळणी हा मोजमापाचाच भाग मानला पाहिजे आणि नोंदवहीतील तिची नोंद आकड्याइतकीच जपली पाहिजे. महाविद्यालयांतील भौतिकशास्त्र, इलेक्ट्रॉनिक्स आणि भूगोल विभागांना मोजटेपची अशी पडताळणी विद्यार्थी-प्रकल्प म्हणून हाती घेता येईल. तिला मोठा खर्च लागत नाही. टंचाईच्या काळात एखाद्या गावाचे पाणी आकड्यावरून ठरणार असेल, तर तो आकडा वर्षातून दोनदा तरी विहिरीच्या काठावर जाऊन कोणीतरी तपासलेला असावा, एवढी किमान अपेक्षा रास्त आहे.